काय अडेल?

घर विकणारा माणूस पहिल्याच भेटीत पैशांचं खरं सांगत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. गरज कळली की समोरचा भाव पाडणार, ही भीती रास्तच आहे. म्हणून मी मध्यस्थ म्हणून किमतीला हात न घालता आधी तारखा विचारतो.

एका काकांचं घर बरेच दिवस पडून होतं. भाव आसपासच्या व्यवहारांपेक्षा चढा आणि खाली यायची तयारी शून्य. लोभी म्हणून बाकीच्या मध्यस्थांनी नाद सोडला होता. मलाही ते म्हणाले, "घाई काहीच नाही हो." पण लगेच पुढे विचारलं, टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, याच महिन्यात मिळेल का, आणि जरा मोठं मिळेल का. घाई नसलेला माणूस असं विचारत नाही.

"काका, समजा सहा महिने घर विकलं गेलं नाही, तर काय अडेल?"

ते गप्प झाले. काकू आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांना मी बसायला सांगितलं. घर दोघांच्या नावावर असेल तर बोलणं दोघांसमोर व्हावं, यावर मी अडून बसतो. काकांनी कपाटातून घड्या घालून बारीक केलेलं बँकेचं पत्र काढलं. काही हप्ते थकले होते. काकूंना हे तेव्हाच कळलं. त्या रागावल्या नाहीत. पत्र हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं.

चढ्या भावाचा उलगडा झाला. कर्ज फेडून नव्या घरासाठी जेवढे लागतील तेवढे पैसे, हीच त्यांची किंमत होती. त्यातही कर्जाचा आकडा अंदाजे. 20 वर्षांच्या कर्जाचे 8 वर्षं हप्ते भरले, म्हणजे निम्म्याच्या आसपास फिटलं असेल, असा हिशेब. प्रत्यक्षात सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात. 9 टक्के दराने 8 वर्षांनंतरही मुद्दलाचा सुमारे 79 टक्के भाग शिल्लक असतो. वर थकबाकी आणि दंड.

भाव कमी करा, असं मी म्हटलं नाही. थांबण्यापायी दरमहा किती व्याज चढतंय ते कागदावर लिहून दिलं आणि बँकेकडून येणे रकमेचं तारीखवार पत्र मागवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच भाव उतरवला.

घर तारण आहे आणि त्यावर किती बोजा आहे, हे खरेदीदाराला सांगितलंच पाहिजे, आणि मी सांगितलं. हप्ते का थकले, ते नाही. तो त्यांच्या घरातला प्रश्न. खरेदीदाराने बँकेची रक्कम थेट कर्जखात्यात भरली, बाकीची यांना दिली. मूळ कागदपत्रं सुटली, बोजा उतरला.

उरलेल्या पैशांत नवं घर बसत नव्हतं. ते भाड्याच्या घरात गेले. शिल्लक मात्र दोघांच्या संयुक्त खात्यात, दोघांच्या सहीशिवाय न निघणारी ठेवायची, हा काकूंचा हट्ट होता आणि काकांनी तो मानला.