रेमागेनचा पूल: शाबूत कसला?

पूलबांधणी शिकवताना एक प्रकरण मी कित्येक वर्षे फळ्यावर काढतो आहे आणि दरवेळी एकाच जागी अडतो. १७ मार्च १९४५, दुपारचे तीन, दुसरे महायुद्ध, जर्मनीतल्या रेमागेनचा ऱ्हाईन नदीवरचा लुडेनडॉर्फ रेल्वेपूल कोसळला ती वेळ.

लोकांना ७ मार्चची गोष्ट आवडते. अमेरिकनांनी सुरुंग पेरलेला पूल शाबूत पकडला म्हणतात. 'शाबूत' शब्दालाच माझी हरकत आहे. जर्मनांनी ६०० किलो लष्करी स्फोटक मागितले होते, हाती आले ३०० किलो डोनाराइट, उद्योगधंद्यात वापरायचे, ताकदीने कमी. विजेवरचा मुख्य सुरुंग उडालाच नाही. मग हाताने वात पेटवून आणीबाणीचा उडवला. पूल वर उचलला गेला आणि परत आपल्या पायांवर बसला. पण दोन मुख्य ट्रसपैकी (पुलाचे ओझे पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी जाळ्यांपैकी) एक जायबंदी झाला होता. म्हणजे इथून पुढे सगळे ओझे मुख्यतः दुसऱ्या ट्रसवर आणि प्रत्येक गाडीगणिक पुलाला पीळ. त्याच रात्री अमेरिकनांची रणगाडाविरोधी गाडी डेकमधल्या, म्हणजे पुलाच्या पाटातल्या, भोकात अडकली आणि कितीतरी तास वाहतूक खोळंबली. एकाच पुलावर भिस्त ठेवली की असेच होते.

म्हणून मला कौतुक आहे ते अमेरिकन लष्कराच्या २९१व्या कॉम्बॅट इंजिनिअर बटालियनचे. ९ मार्चच्या सकाळी सुरुवात, १० मार्चच्या संध्याकाळी १,०३२ फुटांचा ट्रेडवे पूल (तरंगत्या फ्लोटवर लोखंडी पट्ट्यांची वाट) तयार, तोही तोफांच्या माऱ्याखाली. काम बघायला सोपे वाटते: रबरी फ्लोटमध्ये काँप्रेसरने हवा भरा, वर खोगीर, म्हणजे ट्रेडवे टेकायची बैठक, बसवा, ब्रॉकवे ट्रकच्या क्रेनने लोखंडी ट्रेडवे उचलून ठेवा, पिना मारा. ट्रेडवेचा एक तुकडा १२ फुटांचा, दर तुकड्याला एक फ्लोट, म्हणजे हिशेबाने ८० च्या वर फ्लोट, आणि गोळा लागला की फ्लोट फाटतो, तो बदलायचा. अडचण वाढते ती मधल्या धारेत. प्रवाह जोराचा असला की फ्लोट जागी धरणारा नांगर तळाला धरत नाही, ओळ वाकडी होते आणि ओळ वाकली की पिन भोकात बसत नाही. नवशिके पिनेवर घण मारत बसतात. चूक नांगरात असते, पिनेत नसते.

५१व्या बटालियनचा जड पंटून पूल (होड्यांसारख्या तरंगत्या पंटूनवरचा) ११ तारखेला वाहतुकीला खुला झाला. १३ तारखेला लुडेनडॉर्फवरची वाहतूक दुरुस्तीसाठी थांबवली. मी अडतो तो इथेच. वाहतुकीला दोन पूल हाताशी, तरी जखमी पुलावर वेल्डिंग, नवे लाकूड, लोखंड, काँप्रेसर आणि माणसे, सगळे वरूनच चढवले. मुलांना विचारले, पुलावर भार किती, तर रणगाड्यांचे टन मोजतात. दुरुस्तीच्या सामानाचे वजन कोणीच मिळवत नाही. त्यात जवळच्या तोफांचे हादरे आणि १७ तारखेलाच येऊन पडलेली जर्मनांची व्ही-२ रॉकेट्स.

रिव्हेट तुटल्याचे आवाज आले आणि पूल पिळून नदीत गेला. २८ जण गेले, बहुतेक दुरुस्तीवरचे.

मी काय केले असते? आधी खालून टेकू. पण त्या धारेत, महापुरासारख्या ऱ्हाईनमध्ये टेकू रोवणार कशावर, हे फळ्यावर काढायला गेलो की माझाही खडू थांबतो.