तुम्ही विचारलेत म्हणून: एका उपसर्गाने असे काय बिघडते?

गेली अनेक वर्षे मी भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते, आणि तेवढीच वर्षे मला एक प्रश्न विचारला जातो: "अर्थ कळला ना? मग इंग्रजीतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांची एवढी चिकित्सा कशाला?" मराठीत कोणी 'दीन' म्हणजे गरीब या शब्दाच्या जागी 'दिन' लिहिले, तर हीच मंडळी शुद्धलेखन रसातळाला गेले म्हणून हळहळतात.

सगळ्याच जोड्यांसाठी मी हटून बसत नाही. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्याध्यापक आणि 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व. स्पेलिंगच्या शेवटी 'पीएएल' की 'पीएलई' एवढाच फरक, आणि तिथे चूक झाली तरी वाक्याच्या ओघात अर्थ सावरला जातो. 'इनफ्लेमेबल'चे तसे नाही. त्यातल्या 'इन'चा अर्थ 'नाही' असा लावला, तर पेट घेणारा पदार्थ न पेटणारा ठरतो. याच भीतीने अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' या शब्दाचा आग्रह धरला.

माझा आग्रह मात्र पुस्तकातून आलेला नाही. दोन भावांच्या वाटणीचा वाद होता. धाकट्याने इंग्रजीत पत्र पाठवून एका वृद्ध नातेवाइकांना मध्यस्थ नेमावे असे सुचवले होते, आणि कारण दिले होते की ते या प्रकरणात 'डिसइंटरेस्टेड' आहेत. त्याला म्हणायचे होते, त्यांचा यात कसलाही हितसंबंध नाही, ते निःपक्षपाती आहेत. पत्र मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी लिहिले, "त्यांना या प्रकरणात काडीचाही रस नाही." बैठकीत तो कागद त्या गृहस्थांच्याच हाती गेला. जुन्या कागदांची फाइल त्यांनी आदल्या रात्री जागून लावली होती. तिच्यातून खुणेच्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून डबीत ठेवला, फाइलची नाडी बांधली आणि म्हणाले, "मला रस नाही असे ठरलेच आहे, तर मी बसून काय करू?" ते उठून गेले. चूक माझी होती हे मला पुढे कळले, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी मला मोकळ्या मनाने माफ केले, पण मध्यस्थीला ते पुन्हा बसले नाहीत.

मी तेव्हा नवखी होते, हे खरे आहे. शब्दकोश हाताशी होता, हेही तितकेच खरे आहे. शब्द अनोळखी असता तर मी तो उघडला असता. ओळखीचा वाटला म्हणूनच उघडला नाही. इंग्रजी 'इंटरेस्ट'मध्ये गोडी, हितसंबंध आणि व्याज असे तिन्ही अर्थ नांदतात. मराठीने त्यांना वेगवेगळे शब्द दिले असताना मी चुकीचा उचलला.

त्यानंतर कित्येक वर्षे 'कंटाळलेला' या अर्थाने कोणी 'डिसइंटरेस्टेड' लिहिले की मी लाल शाईने 'अनइंटरेस्टेड' करत असे. मग या शब्दांचा इतिहास वाचनात आला. सतराव्या शतकात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' या अर्थाने, आणि 'अनइंटरेस्टेड' हा 'निःपक्षपाती' या अर्थानेही वापरला जात होता. मग मी ज्यांना खोडून काढले, ते चुकले होते असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि शब्दांची अदलाबदल चालते असे म्हणावे, तर ती बांधलेली फाइल डोळ्यांसमोर येते. या दोहोंचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आता मी शब्द परस्पर खोडत नाही. समासात पेन्सिलीने लिहिते, "रस नाही, की हितसंबंध नाही?" आणि लेखकाचे उत्तर येईपर्यंत ते पान पुढे पाठवत नाही.