फिजिओच्या खोलीतले माजी खेळाडू

कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर २५ फेब्रुवारी २००७ रोजी झालेल्या इंग्लिश फुटबॉलमधील लीग कपच्या अंतिम सामन्यात, कॉर्नरवरून आलेल्या खालच्या चेंडूला डोके लावण्यासाठी चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी झेपावला आणि तोच चेंडू दूर मारू पाहणाऱ्या आर्सेनलच्या अबू दियाबीचा बूट त्याच्या जबड्यावर बसला. टेरी जागीच बेशुद्ध पडला. त्याच्याकडे धावत गेलेल्यांत आर्सेनलचा, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा, फिजिओ गॅरी लेविन होता आणि त्याने टेरीचा श्वासमार्ग मोकळा केला. त्याच संध्याकाळी टेरी रुग्णालयातून परत येऊन संघाच्या विजयोत्सवात सामील झाला, आणि लेविनमुळे आपला जीव वाचला असे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे त्या प्रसंगाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. बेशुद्ध माणसाने जीभ गिळली असे आपण म्हणतो, पण जीभ गिळली जात नाही. स्नायू सैल पडल्यामुळे ती मागे सरकून घशाची वाट अडवते. अशा वेळी कानाखाली, जबड्याच्या कोनामागे दोन्ही हातांची बोटे अडकवून खालचा जबडा पुढे उचलावा लागतो आणि हे करताना मान तसूभरही हलू द्यायची नसते, कारण इजा मानेलाही झालेली असू शकते. हे तंत्र वर्गात तासाभरात शिकता येते. हजारो माणसांच्या आरडाओरड्यात, भेदरलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात हात स्थिर ठेवणे मात्र वर्गात शिकता येत नाही.

हाच लेविन सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये शिकाऊ गोलरक्षक म्हणून आला होता. १९८२ मध्ये क्लबने त्याला मोकळे केले, तो फुटबॉल लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या मुख्य स्पर्धेच्या, बाहेर असलेल्या बार्नेट या क्लबकडून खेळू लागला आणि लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये त्याने फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले. १९८६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ज्या क्लबने त्याला खेळाडू म्हणून नाकारले होते त्याच क्लबच्या मुख्य संघाचा फिजिओ म्हणून तो परतला आणि पुढची बावीस वर्षे तिथे राहिला.

त्याच्या आधीच्या पिढ्यांकडे असे शिक्षण क्वचितच असे. इंग्लंडमधील क्लबांत दुखापतींचे काम बहुधा ‘ट्रेनर’ पाहत असे आणि हा ट्रेनर बहुतेक वेळा निवृत्त खेळाडूच असे. गार पाण्याची बादली आणि स्पंज ही त्याची मुख्य हत्यारे. त्या स्पंजला लोक कौतुकाने ‘जादूचा स्पंज’ म्हणत. या जादूला मर्यादा होत्या. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेले असताना शेवटपर्यंत खेळला आणि ते मोडल्याचे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळले. त्या काळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. इंग्लिश लीगमध्ये ती १९६५-६६ च्या हंगामात आली. त्यामुळे ‘बाहेर ये’ म्हणणे म्हणजे आपल्याच संघाला दहा जणांवर आणणे होते. त्या ट्रेनरांना अडाणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

या दोन काळांमधला सांधा म्हणजे बर्टी मी (Bertie Mee) हा माणूस. नॉटिंगहॅमजवळच्या बुलवेलचा बर्टी डर्बी काउंटी या क्लबात होता, नंतर खालच्या विभागातल्या मॅन्सफील्ड टाउनकडून विंगर म्हणून खेळला आणि दुखापतीने त्याची कारकीर्द लवकर आटोपली. रॉयल आर्मी मेडिकल कोअर या ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातील सहा वर्षांत तो फिजिओथेरपी शिकला, युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम त्याने केले आणि १९६० मध्ये तो आर्सेनलचा फिजिओ झाला. ज्याने तुटलेल्या माणसांना पुन्हा चालते केले, त्याला घोटा मुरगळलेल्या खेळाडूची घाई आणि भीती दोन्ही कळत असणार, असे मला मनापासून वाटते.

खालच्या विभागातल्या खेळाडूची ती भीती आजही खोटी नाही. हंगाम संपला की क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी जाहीर करतो, आणि वर्ष-दोन वर्षांचा करार संपत आलेल्या माणसाला दुखरा स्नायू लपवावासा वाटतो. टेबलावर पालथे झोपवून, गुडघा वाकवून, टाचेवर हात ठेवून मी ‘आता जोर लावा’ म्हणतो, तेव्हा माझे लक्ष पायापेक्षा चेहऱ्याकडे असते; ‘दुखत नाही’ असे तोंड म्हणत असताना जबडा आवळला जातो. जो स्वतः असे खोटे बोलला आहे, त्याच्यापासून ते लपत नाही. व्यावसायिक खेळाडूंची संघटना, म्हणजे पीएफए, माजी खेळाडूंना सॅलफर्ड विद्यापीठात फिजिओथेरपीची पदवी घेण्यासाठी मदत करत आली आहे, ती मला म्हणूनच फार मोलाची वाटते. आज ब्रिटनमध्ये नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवता येत नाही, त्यामुळे तिशीतल्या माणसाला शरीरशास्त्राची पुस्तके पहिल्यापासून उघडावीच लागतात.

ही वाट म्हणजे हुकलेल्या खेळाची भरपाई, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही, आणि त्याला कारण बर्टी मीच आहे. १९६६ मध्ये आर्सेनलने त्याला अनपेक्षितपणे व्यवस्थापकपद देऊ केले. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच्या संघाने लीग आणि एफए कप ही दोन्ही अजिंक्यपदे एकाच हंगामात जिंकली. पण पद स्वीकारताना त्याने एक अट घातली होती: वर्षभरात हे जमले नाही, तर मला माझ्या फिजिओच्या कामावर परत जाऊ द्यावे.