मरणाची गाणी आणि खटखट वाजणारे बूट

नॅशव्हिलबद्दल, अमेरिकेतल्या गावाकडच्या 'कंट्री' संगीताच्या या राजधानीबद्दल, आधीच सांगून टाकतो. ब्रॉडवेवर मी तासभरसुद्धा टिकलो नाही. या शहराचं नाव ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्याच्या मुख्य रस्त्यावर उभा राहून मी कानांत बोटं घातली. एका बारमध्ये एक बँड, शेजारच्यात दुसरा, त्याच्या माडीवर तिसरा, सगळे एकाच वेळी आणि सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. रस्त्यावरून पायडल मारत चालवायचे फिरते बार चाललेले. त्यांवर लग्नाआधीची मौज करायला आलेल्या मुली, डोक्यावर गुलाबी काउबॉय हॅट, हातात प्लास्टिकचे पेले, घशातून अखंड किंकाळी. आत जायला पैसे पडत नाहीत. बँड टिपांवर जगतो, गाणं संपलं की बादली फिरते. वाजवणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. एका बारमधल्या पोराने पेडल स्टील गिटारवर अशी काही मींड काढली की मी दारातच थांबलो. पण आत ती ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

"मामा, हेच ना तुझं दर्दभरं संगीत?" भाचीने विचारलं. ती अटलांटात नोकरी करते. गाडी तिची, सुट्टी तिची, आणि सहनशक्तीही तिचीच.

रायमन ऑडिटोरियमने थोडी भरपाई केली. १८९२ साली हे प्रार्थना-मंदिर म्हणून उभं राहिलं. नदीतल्या आगबोटींचा मालक टॉम रायमन एका धर्मप्रवचनाने हेलावला आणि त्याने हे बांधवून घेतलं. पुढे १९४३ पासून १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा जलसा इथून व्हायचा. बाकं अजून चर्चचीच आहेत, लाकडी, सरळ पाठीची. बसल्यावर दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते. १९४९ च्या जूनमध्ये हँक विल्यम्स इथे पहिल्यांदा गायला आणि लोक त्याला सोडेनात. तीन वर्षांनी दारूपायी त्याला ऑप्रीतून काढलं, आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो मोटारीच्या मागच्या सीटवर मेला. हे सगळं मला पाठ होतं. तरी तिथे बसून आठवताना घशात आवंढा आला. पण लगेच गाइडने फोटोची रांग लावली. पैसे भरा, माइकसमोर उभे राहा, हसा. मी नाही उभा राहिलो. भाची राहिली, आणि फोटो चांगला आलाय.

मला हे वेड लागलं त्याला गिरगाव कारणीभूत. आमच्या घरात रेडिओ म्हणजे 'आपली आवड' आणि कीर्तन. पण धोबीतलावाच्या बाजूला गोव्याच्या खलाशांचे क्लब होते, ज्यांना कूड म्हणत. तिथल्या खिडक्यांतून कंट्री गाणारा अमेरिकन गायक जिम रीव्ह्ज ऐकू यायचा. डिसेंबरात तर नुसता तोच. मखमली, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला आवाज. शब्द कळायचे नाहीत, पण कुणीतरी गेलंय आणि हा माणूस त्याबद्दल तक्रार करत नाहीये, एवढं कळायचं. गोव्यात आणि वांद्र्यात अजून कित्येक घरांत नाताळ त्याच्याशिवाय होत नाही. तो १९६४ मध्ये नॅशव्हिलजवळच विमान कोसळून गेला, स्वतःच ते विमान चालवत होता. म्हणजे मी ऐकायला लागलो तेव्हा तो मेलेलाच होता. जिम रीव्ह्जवरून मागे मागे जात मी कार्टर कुटुंबापर्यंत, कंट्रीच्या जुन्या गाणाऱ्या घराण्यापर्यंत, पोचलो, आणि ही सगळी यात्रा खरं तर त्यांच्यासाठी होती. नॅशव्हिल वाटेत आलं, इतकंच.

नॅशव्हिलहून पूर्वेला ब्रिस्टल. वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं, आणि पोटाला ते मान्य होत नाही. ब्रिस्टलचा मुख्य रस्ता म्हणजेच राज्याची सीमा. या फुटपाथवर टेनेसी, त्या फुटपाथवर व्हर्जिनिया. वर दिव्यांची जुनी कमान आहे, हे राहायला चांगलं गाव आहे असं सांगणारी. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस इथे यंत्र घेऊन आला आणि गाणाऱ्यांना एका गाण्याचे पन्नास डॉलर देऊ लागला. वीसेक मैलांवरच्या डोंगरातून ए. पी. कार्टर निघाला. सोबत बायको सारा, तिच्या कडेवर अंगावर पिणारं मूल, ते सांभाळायला आठ वर्षांची मोठी मुलगी, आणि भावाची बायको मेबेल, वय अठरा, पोटुशी. गाडी भावाची, रस्ता म्हणायला रस्ता, टायर पंक्चर. दोन दिवसांत त्यांनी सहा गाणी दिली. त्यांच्यानंतर दोनच दिवसांनी जिमी रॉजर्स गायला. रेल्वेतला ब्रेकमन, क्षयाने पोखरलेला, यॉडलिंग करणारा. किशोरकुमार यॉडलिंग शिकला ते थोरल्या भावाकडच्या, अनूपकुमारकडच्या तबकड्या ऐकून, आणि त्यांत जिमी रॉजर्सही होता असं सांगतात. हे म्हटल्यावर भाचीने पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं वर काढलं. या गाण्यांवरचं तिथलं म्युझियम चांगलं आहे. पण शनिवार होता आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

ब्रिस्टलपासून अर्ध्या तासावर हिल्टन्स नावाचं गाव. तिथून क्लिंच डोंगराच्या पायथ्याने एक अरुंद रस्ता जातो. या खोऱ्याचं नावच पुअर व्हॅली, गरिबाचं खोरं. तंबाखूची जुनी कोठारं, चर्च, गाई, मधेच एखादी मोडकी ट्रक. मोबाइलची रेंज गेली. "नक्की इथेच ना, मामा?" आणि वळणावर एकदम गाड्याच गाड्या. कार्टर फॅमिली फोल्ड.

डोंगराच्या उतारावर बांधलेली मोठी लाकडी शेड. उतार तसाच ठेवून त्यावर बसायच्या रांगा, खाली रंगमंच, आणि रंगमंचापुढे मोकळी जागा. शेजारी ए. पी. कार्टरचं दुकान, आणि तो जन्मला ती लाकडी खोलीही आता इथेच आणून ठेवली आहे. त्याचं आणि साराचं लग्न टिकलं नाही. ती त्याच्याच चुलतभावाशी लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली. हा इथे परतला, दुकान टाकलं, आणि १९६० मध्ये गेला. जाण्याआधी मुलीकडून, जॅनेटकडून, वचन घेतलं की आपलं गाणं चालू ठेव. तिने १९७४ मध्ये त्याच दुकानात शनिवारच्या बैठका सुरू केल्या, मग ही शेड उभी राहिली. अजून दर शनिवारी साडेसातला वाजवतात. दारू नाही. विजेवर चालणारी वाद्यं नाहीत. या दुसऱ्या नियमाला अपवाद झाला तो जॉनी कॅश. तो मेबेलचा जावई, आणि जावयाला काय, सगळं माफ. त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम इथेच झाला, जुलै २००३ मध्ये. त्याची बायको जून कार्टर जाऊन दोन महिने झाले नव्हते, आणि आणखी दोन महिन्यांनी तो गेला.

तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नएवढं. आत हॉट डॉग, कॉफी, आणि गावातल्या बायकांनी घरी केलेले केक. काउंटरवरच्या बाईंनी भारत म्हटल्यावर केकचा तुकडा नेहमीपेक्षा जाड कापला. हे मी डोळ्यांनी पाहिलं, भाचीच्या आधीच्या माणसाचा तुकडा बारीक होता. नॅशव्हिलच्या हॉटेलात मला तीन वेळा कुणीतरी 'हनी' म्हणालं होतं, पण माझ्याकडे बघून एकदाही नाही.

मग बँड आला. फिडल (म्हणजे गावाकडच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिनच), बँजो, मँडोलिन, गिटार, उभं बास. पहिलंच गाणं कार्टरांचं, आणि ते मी एकट्याने, रात्री, दिवा मालवून ऐकत आलेलो. आईची अंत्ययात्रा दारातून निघते, असं ते गाणं. माझी आई गेली त्या आठवड्यात मी दुसरं काही ऐकलं नव्हतं. मी हात जोडल्यासारखा बसलो. आणि दुसऱ्या ओळीला खालच्या मोकळ्या जागेत खटखट सुरू झाली.

ऐंशीच्या आसपासची एक बाई, चंदेरी केस, फुलाफुलांचा झगा, बुटांच्या तळाला पत्रे ठोकलेले. तिच्या मागून तिचा नवरा असावा असा एक वाकलेला गृहस्थ. मग दोन शाळकरी मुली. मग पंधरा-वीस जण. कमरेच्या वर कुणाचं काही हलत नाही, हात लोंबते, चेहरा रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा, आणि खाली पाय नुसते तडतडतायत. आईचं प्रेत चाललंय आणि हे नाचतायत!

मला राग आला, खरं सांगतो. त्यांच्या गाण्यावर मी रडायला आलो होतो आणि ते नाचत होते. पुढचं गाणं अनाथ पोराचं, तरी नाचले. त्यापुढचं आगगाडीच्या अपघाताचं, तर आणखी माणसं उतरली. चार-पाच गाण्यांनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती चंदेरी केसांची बाई गाणं म्हणत होती. ओठ हलत होते, प्रत्येक शब्द. तिला काय चाललंय ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. या खोऱ्यातल्या कुठल्या घरातून कोण गेलं तेही तिला ठाऊक असणार. वारीत निरोपाचे अभंग म्हणत बायका फुगड्या घालतात, तेव्हा मला कधी खटकलं नाही. इथे मात्र मी शहाणपणा करत बसलो होतो.

मध्यंतरात तीच बाई वर आली आणि मला हाताला धरून ओढायला लागली. मी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. तिने स्वतःच्या गुडघ्यांकडे दाखवलं. शेवटी भाचीला नेलं. भाचीला ताल लगेच पकडता आला, पाय मात्र खूप उंच उचलत होती. दोन शाळकरी मुलींनी तिला मधे घेऊन शिकवलं.

सगळ्या शेडमध्ये गोरे नसलेले आम्ही दोघंच, हेही नजरेतून सुटलं नाही. वागणुकीत कुठे काही नव्हतं, उलट अगत्यच. तरी मला सारखा लेस्ली रिडल आठवत होता. हा काळा गिटारवादक ए. पी. बरोबर डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करत फिरायचा. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा, रिडल चाल ध्यानात ठेवायचा. मेबेलनेही त्याच्याकडून उचललं. आणि बँजो तर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचंच वाद्य. रंगमंचावरून बऱ्याच पूर्वजांची नावं घेतली गेली. रिडलचं नाव त्या रात्री तरी आलं नाही. यायला हवं होतं.

शेजारच्या खुर्चीवर बेसबॉल टोपी घातलेले एक आजोबा होते. इतक्या लांबून कसे आलात, कुणाचं गाणं ऐकून, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, जिम रीव्ह्ज. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, जरा विचार केला, आणि म्हणाले की आवाज चांगला होता, पण टेक्सासचा माणूस, आणि मागे फार व्हायोलिनं. फिडल नाही, व्हायोलिनं! नॅशव्हिलवाल्यांनी गाण्याला कोट-टाय चढवला, तो अजून उतरलेला नाही, असंही म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हे. साठच्या आसपास चेट ॲटकिन्ससारख्या निर्मात्यांनी फिडल-बँजो बाजूला ठेवून मागे व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस आणले, शहरात रेकॉर्ड खपाव्यात म्हणून. पण ती व्हायोलिनं होती म्हणूनच तो आवाज धोबीतलावापर्यंत पोचला असेल, असं मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, असेल. पटलेलं दिसलं नाही.

दहा-साडेदहाला सगळं आवरलं. एवढ्या रात्री त्या भागात खायला काही म्हणजे काही उघडं नसतं, तेव्हा केक बांधून घ्या. गाडी किंग्जपोर्टच्या रस्त्याला लागून रेंज आल्यावर मी भाचीला जिम रीव्ह्ज लावायला सांगितला, सगळ्या व्हायोलिनांसकट. तिने दोन गाणी ऐकून घेतली आणि मग टेलर स्विफ्ट लावली. तीही सुरुवातीला नॅशव्हिलमध्ये कंट्रीच गायची, असं भाचीचं म्हणणं, आणि ते खरं आहे. मी वाद घातला नाही, कारण गाडी तिची होती आणि केकही तिच्याच मांडीवर होता.