दोन मिलिमीटरसाठी पाच महिने

जुलैच्या पावसात पुण्यातल्या नळ स्टॉप चौकाजवळ स्कूटर घसरली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण तोंड उघडं राहणारं. वरचा पुढचा दात हिरडीच्या आतपर्यंत तिरका तुटला. बाहेर धरायलाही काही उरलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, मूळ काढू, हाडात स्क्रू घालून इम्प्लांट बसवू. मी हो म्हणूनच घरी आले होते. आत्यानं मोडता घातला. "काढलेला दात परत लावता येतो का? आधी दुसरीकडे दाखव."

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे बराच वेळ बघितला. मूळ उभं चिरलेलं नव्हतं आणि लांबीही चांगली होती. अडचण एवढीच, की कॅपला पकड यायला चहूबाजूंनी निदान दोन मिलिमीटर भक्कम दात हिरडीबाहेर लागतो. "मग तो खाली ओढून आणू," त्या म्हणाल्या. मूळ आखूड असतं तर हे जमलं नसतं. ओढल्यावर हाडात पुरेसा भाग उरायला हवा ना.

रूट कॅनाल दोन बैठकांत झालं. मग मुळात सिमेंटनं एक हूक बसवला, शेजारच्या दातांवर आडवी तार चिकटवली आणि दोघांमध्ये रबर ताणलं. दर दोन आठवड्यांनी रबर बदलायचं. पहिले दोन दिवस ठणकायचं, नंतर विसरायला व्हायचं. दीड महिन्यात मूळ तीनेक मिलिमीटर खाली आलं. खिंडार दिसू नये म्हणून तारेवर खोटा दात लावला होता. तो एकदा सातवीच्या वर्गात 'फलित' म्हणताना उडून पहिल्या बाकावर पडला. त्या दिवशी विज्ञान कुणीच शिकलं नाही.

सगळ्यात कंटाळवाणे पुढचे दोन महिने. दात आला होता, पण लगेच सोडला तर तो पुन्हा आत सरकतो, म्हणून नुसता बांधून ठेवायचा. पेरू, कणीस, भाकरी, सगळं तुकडे करून बाजूच्या दातांनी. दाताबरोबर थोडी हिरडीही उतरली होती. ती लेझरनं छाटली. याला शस्त्रक्रिया म्हणायचं तर म्हणा, मला पाच मिनिटं लागली, टाका नाही.

शेवटी मुळात फायबर पोस्ट, म्हणजे कॅपला आतून आधार देणारी बारीक काडी, आणि त्यावर झिर्कोनिया या दातासारख्या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची कॅप. रंग जुळवायला बाईंनी मला खिडकीपाशी नेलं. मी पट्टीवरचा सगळ्यात पांढरा दाखवला. त्यांनी शेजारचा दात निरखला आणि विचारलं, "दिवसाला किती कप चहा?"