आधी तर तिने दाणे खाल्ले होते

गेल्या आषाढी एकादशीला इंदूरच्या आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दहा मिनिटांतच माझ्या अडीच वर्षांच्या भाचीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि तिला धाप लागली. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. परंतु काही तासांनी त्रास पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतले. त्या रात्री आई मला एकच विचारत होती, "अगं, याआधी दोनदा तिने दाण्याचा कूट खाल्ला होता, मग आजच कसा बाधला?"

वावडे, म्हणजे ॲलर्जी, असेच चोरपावलांनी येते. आधीच्या एखाद्या संपर्कात रोगप्रतिकार यंत्रणेतील टी-पेशी शेंगदाण्यातील प्रथिनाला शत्रू ठरवतात, त्यांच्या इशाऱ्यावरून त्याच यंत्रणेतील बी-पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडे, म्हणजे ते प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे रेणू, तयार करतात, आणि ती त्वचेतील, आतड्यातील व श्वासमार्गातील मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशींना जाऊन चिकटतात. बाहेर काहीच दिसत नाही. पुढे तेच प्रथिन येऊन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम जोडते, तेव्हा मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे दाहकारक रसायन ओततात. रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि श्वासनलिका आवळतात.

रक्तात असे काहीतरी असते हे १९२१ मध्येच दिसले होते. जर्मन डॉक्टर प्राउस्निट्झ यांनी माशाचे वावडे असलेले आपले सहकारी क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, आणि नंतर तेथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली. तो घटक म्हणजे आयजीई, हे इशिझाका या जपानी संशोधक दांपत्याने १९६६ मध्ये दाखवले.

पण मुळात शत्रुत्व का जडते? भाचीला तान्हेपणापासून इसब होता, आणि उपासाच्या घरात कूट सतत कुटला जातो. तोंडावाटे, आतड्यातून ओळख झालेले अन्न शरीर सहसा आपले मानते. भेगाळलेल्या त्वचेतून शिरलेले तेच अन्न मात्र धोक्याच्या खुणेसह पोहोचते, असे लंडनचे बालॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांचे प्रतिपादन आहे, आणि मला ते पटते. त्यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बाळांवर केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणे दिले, त्यांच्यात पुढे हे वावडे फारच कमी आढळले.

भाचीचा धाकटा भाऊ सहा महिन्यांचा आहे आणि त्यालाही इसब आहे. डॉक्टरांनी आधी त्याची त्वचाचाचणी केली, आणि आता आठवड्यातून तीनदा तो दाण्याचा पातळ लगदा खातो. त्याची वाटी-चमचा आम्ही वेगळे ठेवतो आणि त्याचे हात पुसल्यावरच ताईला त्याच्याजवळ जाऊ देतो.