खीर घाटायला कोण येणार?

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या महाप्रसादाची तयारी आदल्या रात्रीच सुरू व्हायची. दारात वांग्यांची पोती उलटी केलेली, ज्याच्या त्याच्यापुढं घरची विळी आणि गप्पा सगळ्या फुटबॉलच्या. पाटाकडील की खंडोबा, कुठला संघ भारी यावरून इतकं पेटायचं की चिरलेली वांगी पाण्यात टाकायची राहून काळी पडायची. पहाटे गव्हाची खीर चुलीवर चढली की खरं काम. गूळ पडल्यावर खीर बूड धरते, उलथणं थांबवून चालत नाही. दोघंदोघं आळीपाळीनं घाटायचे, तिसरा नुसत्या सूचना द्यायचा. तो तिसरा दरवर्षी एकच. गहू मात्र आधीच घराघरांत बायकांनी निवडून ठेवलेले असायचे. त्यांची हजेरी कधी कुणी मांडली नाही.

घाटणारे बरेचसे शाहू मिलचे. १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली ही मिल म्हणजे आमच्या भागाचं घड्याळच. भोंगा झाला की कोण सुटला, कोण निघाला, सगळ्यांना ठाऊक. पाळी ठरलेली, पगार ठरलेला. रात्रपाळी करून आलेला माणूस तासभर डुलकी काढून बादली घेऊन वाढायला उभा राहायचा. त्यात त्याचं काही बुडत नव्हतं.

२००३ ला मिल बंद पडली. लोक म्हणाले, आता यांना वेळच वेळ. झालं उलटंच. खीर घाटायला माणसं हुडकावी लागली. वर्गणीची पावती फाडता येत नसेल तर मांडवात जायचं कुठल्या तोंडानं, असं ज्याला त्याला वाटायचं. बोलून मात्र कुणी दाखवलं नाही. काहींनी रिक्षा धरली आणि सणाचे दिवस म्हणजे त्यांच्या धंद्याचे दिवस झाले.

पुढची पोरं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत ठेकेदाराकडं लागली. एकाला विचारलं तर म्हणाला, "काका, यायला काय हुतंय? पर एक दिस गेला की हजेरी गेली, आणि ठेकेदार तिथं दुसरा उभा करतोय." २००८ च्या अखेरीस वाहन उद्योग मंदावला, फौंड्र्यांच्या पाळ्या तुटल्या, तेव्हा हीच पोरं दिवसभर कट्ट्यावर असायची. पण गाडीचा हप्ता थकलेला असला की कुणाला मंडळाचं काम सुचत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात हा हिशेबच मोडला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कामं बंद, कुणाचीच हजेरी बुडायची शिल्लक नव्हती. मग भाकरी थापायला, पाण्यातून दूध पोचवायला पेठेत माणूस कमी पडला नाही.

पुण्याला आयटीत गेलेले आता फोनवरून वर्गणी पाठवतात, तीही घसघशीत. सुट्टी मात्र मिळत नाही म्हणतात. त्या पैशातून आचारी आणि वाढपी येतात. नावं ठेवणारे ठेवोत, मला त्यात वावगं दिसत नाही. पंगत उपाशी उठण्यापेक्षा बरं.

गेल्या वर्षी आम्ही महाप्रसाद दुपारऐवजी रात्री ठेवला. पहिल्या पाळीची पोरं कंपनीच्या कपड्यांवरच आली आणि बादल्या उचलून पंगतीत शिरली, बोलावलेल्या वाढप्यांतले निम्मे नुसतेच उभे. खिरीला मात्र अजून आचारीच लागतो. आता ती भर दुपारी शिजते, तेव्हा घाटायला न येण्याला पहाटेच्या झोपेचंही कारण उरलेलं नाही.